मारव्यात पंचम कोणी घातला? सीमाभागातल्या मराठी संपादकांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी वृत्तपत्रांचे संपादक आणि पुरवणीचं काम पाहणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

गेली एकोणीस वर्षं मी तुमच्याकडे गाण्याच्या मैफलींची परीक्षणं पाठवतो. तुमच्यातले काही मला आवाजावरून ओळखतात, काहीजण 'ते उद्यमबागेतले' एवढंच. नोकरी फाउंड्रीच्या मशीनशॉपमध्ये, तपासणी खात्यात. गाणं ऐकण्याचा नाद आणि पेटी जेमतेम वाजवता येते, एवढ्या भांडवलावर हे लिहिणं चालू आहे. लिहिण्याचे पैसे कधी मागितले नाहीत आणि आजही मागत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना कुणी खिशावर हात ठेवून बसायला नको.

पत्राला निमित्त झालं एका फोनचं.

गेल्या डिसेंबरात आपल्याच गावातल्या एका तरुण गायिकेचं गाणं होतं. मुलगी शिकायला दर आठवड्याला धारवाडला जाते. पत्रिकेवर वेळ छापली होती सायंकाळी साडेपाच. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. ती वेळ धरून तिनं मारवा योजला होता. मारवा हा दिवस बुडतानाचा राग. त्यात षड्ज, म्हणजे 'सा', सहजासहजी हाताला लागत नाही. गाणारा कोमल ऋषभ आणि धैवत धरून त्याच्याभोवती फिरत राहतो आणि ऐकणाऱ्याच्या जिवाला एक हुरहूर लागून राहते. या रागात पंचम वर्ज्य, म्हणजे 'प' हा स्वर लावायचाच नाही. त्यामुळं तानपुऱ्याची पहिली तार नेहमीसारखी पंचमात न लावता निषादात लावतात. आत सहज डोकावलो तेव्हा ही मुलगी कान जव्हारीला लावून तो निषाद मिळवत बसली होती. अर्धा तास तरी त्यात गेला असेल.

मग दीपप्रज्वलन झालं. ईशस्तवन झालं. स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, पाहुण्यांचा सत्कार, देणगीदारांचा सत्कार, ज्यांचा सत्कार राहून गेला होता त्यांचा सत्कार, आणि शेवटी पाहुण्यांचं मनोगत. 'मला गाण्यातलं काही कळत नाही' अशी सुरुवात करून त्यांनी ते पंचवीस मिनिटं सिद्ध करून दाखवलं. प्रत्यक्ष गाणं सुरू झालं सात वाजून दहा मिनिटांनी. बाहेर काळोख आणि आत दिव्यांचा झगझगाट. त्या उजेडात आणि पंख्यांच्या वाऱ्यात तानपुऱ्याच्या तारा उतरलेल्या. सगळं पुन्हा लावण्यात आणखी दहा मिनिटं गेली आणि मागच्या रांगेतून टाळ्या वाजायला लागल्या, 'आता सुरू करा' अशा अर्थाच्या.

एवढं होऊनही मुलगी चांगली गायली. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या एकतालात चाळीस मिनिटं तिनं ऋषभ-धैवताचा तोल सांभाळला. द्रुतात, म्हणजे जलद लयीत, एका उतरत्या तानेत मात्र घोटाळा झाला. घरी येऊन रात्री साडेबाराला मी लिहिलं ते असं: 'धैवतावरून तीव्र मध्यमावर उतरताना पंचम निसटून लागला आणि क्षणभर पूरिया कल्याण डोकावून गेला, पण पुढच्याच आवर्तनात गायिकेने तीच तान पुन्हा घेतली आणि ती जागा स्वच्छ करून दाखवली.'

छापून आलं ते असं: 'मारव्यातील पंचमाची सुंदर योजना रसिकांची दाद मिळवून गेली.'

खाली माझं नाव.

ज्यांना गाण्याशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूरिया कल्याण हा दुसराच राग, त्यात पंचम चालतो. मारव्यात पंचमाची सुंदर योजना म्हणजे एकादशीच्या फराळात अंड्याची सुंदर योजना. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मुलीचा फोन आला. मला वाटलं, भांडणार. ती म्हणाली, "काका, पंचम लागला होता, मला तिथंच कळलं होतं. तो लागला असं तुम्ही लिहिलं असतं तर मला काही वाटलं नसतं. पण सुंदर योजना? माझ्या गुरुजींना कुणीतरी कात्रण पाठवलंय. ते विचारतायत, तू मारवा गायलीस की दुसरं काय?"

मी तिला माझा मूळ मजकूर पाठवला. तिनं तो धारवाडला पाठवला. प्रकरण तिथं मिटलं. माझ्या मनात ते मिटलेलं नाही.

ते वाक्य कुणी बदललं याची मी चौकशी केली. रात्रपाळीला एकच मुलगा होता, तीन पानं एकटा लावत होता. तो सरळ म्हणाला, "काका, वाक्य जरा निगेटिव्ह वाटलं. कार्यक्रम चांगला झाला म्हणताय, मग चूक कशाला ठेवायची? म्हणून जरा पॉझिटिव्ह केलं." त्याच्यावर माझा राग नाही. पोरगं हुशार आहे. क्रिकेटच्या बातमीत तो कधी पायचीतचा षटकार करणार नाही, कारण तिथं तसं केलं तर सकाळी सातपासून फोन वाजायला लागतील हे त्याला ठाऊक आहे. गाण्याच्या बातमीत काय वाटेल ते केलं तरी फोन येत नाहीत अशी त्याची समजूत झालेली आहे. ती समजूत तुम्ही करून दिली आहे, संपादकसाहेब. आणि थोडी आम्हीही.

माझ्या नोकरीतलं सांगतो. आमच्या खात्यात व्हॉल्व्हच्या बॉड्या तपासणीला येतात. 'माल सुंदर आहे' असा शेरा मी मारला तर साहेब तो कागद माझ्याच तोंडावर फेकतील. बोअर, म्हणजे आतलं भोक, मिलिमीटरच्या दोन शतांशांनी मोठा झाला असेल तर तेवढंच लिहायचं, कुठल्या नगाचा ते लिहायचं आणि पुढच्या नगाला जायचं. लेथवर बसलेल्या माणसाचा त्यात अपमान नसतो. उलट त्याला तो आकडा हवा असतो, त्यावर त्याचं उद्याचं सेटिंग ठरतं. त्या मुलीनं मला फोनवर सांगितलं ते यापेक्षा निराळं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, एका स्वराचं एवढं काय? दोन दिवसांत कागदात भजी बांधली जाणार. इतर गावांत म्हणा हवं तर. बेळगावात म्हणू नका. रेल्वेचा नकाशा आणि त्यावरचे गवई डोळ्यांसमोर आणा. वर मिरज, जिथं अब्दुल करीम खाँसाहेब राहिले. खाली लोंढ्यावरून धारवाड, हुबळी, कुंदगोळ. हुबळीहून कुंदगोळला आगगाडीनं जाऊन गंगूबाई हानगल सवाई गंधर्वांकडे शिकल्या. भीमसेन जोशीही त्याच कुंदगोळात शिकले. धारवाडशेजारच्या मन्सूरचे मल्लिकार्जुनअण्णा. उत्तरेलाच, थोडं पश्चिमेकडं कोल्हापूर, तिथं अल्लादिया खाँसाहेब. या सगळ्याच्या मधोमध आपण. आणि गावाला लागून सुळेभावी, जिथं १९२४ साली शिवपुत्र कोमकळीमठ जन्माला आला आणि पुढं कुमार गंधर्व झाला. शिवाय संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर, तेही याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. आपल्या आजोबांच्या पिढीनं यातल्या कितीजणांना चार हातांवरून ऐकलं असेल! त्यांनी काय ऐकलं, विचारा. 'असा आवाज लागला होता म्हणून सांगू!' एवढंच ते सांगतात. राग कुठला, आठवत नाही. तबल्याला कोण होतं, आठवत नाही. त्यांचा दोष नाही. आठवण एवढीच टिकते. बाकीचं कागदावर टिकायला हवं होतं, आणि कागदावर बघावं तर हार घालणाऱ्यांची नावं.

मी वाचनालयात बसून जुने अंक चाळले आहेत. कामगार माणूस, सुट्टीच्या दिवशी दुसरं काय करणार! मैफलीचं वृत्त सापडलं की जीव हरखतो, आणि मग वाचत गेलं की कळतं: अध्यक्ष अमुक, आभार तमुक, 'कार्यक्रम बहारदार झाला'. बहारदार म्हणजे काय? बहार राग गायले का? तेही नाही.

आता सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे, रेकॉर्डिंग होतं, लिहायची गरज काय, असंही एकानं मला विचारलं. गावातल्या कुठल्याही मैफलीचे व्हिडिओ बघा. चाळीस सेकंदांचे तुकडे. तराण्याचा शेवट आणि तबल्याची तिहाई. विलंबिताच्या पहिल्या आवर्तनात काय घडलं ते कुणाच्याच फोनात नसतं, कारण तेव्हा सगळे फोनवर 'मी गाण्याला आलोय, नंतर बोलतो' असं लिहीत असतात.

साथीदारांबद्दल जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण माझा खरा सल तिथं आहे.

आपल्या गावाला हार्मोनियमचं शिक्षण दिलं ते पं. रामभाऊ विजापुरे यांनी. जन्म १९१७, निधन २०१०. एवढं आयुष्य त्यांनी त्या पेटीला दिलं. त्यांच्या आयुष्यातली तीस वर्षं अशी होती की आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. १९४० साली ती घातली गेली आणि १९७१मध्ये उठायला लागली. पेटीतून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे स्वरांमधले बारीक फरक, बरोबर लागत नाहीत, वाद्य परदेशी आहे, अशी कारणं. त्या काळातही गावोगावच्या बैठकींतून पेटी वाजत राहिली. पोरं शिकत राहिली. आजही बेळगावचा पेटीवाला म्हटलं की बाहेरचा गवई मान डोलावतो. आणि अशा गावच्या वर्तमानपत्रांत पेटीवाल्याच्या वाट्याला येतं काय? 'हार्मोनियमवर अमुक यांनी समर्पक साथ केली.' समर्पक! या शब्दानं माझं डोकं उठतं. गायकाची तान अर्ध्यावर सुटली तेव्हा पेटीनं ती पुरी केली की तिथं थांबून गायकाला वाट करून दिली? मागं मागं गेली की बरोबर? मधल्या रिकाम्या जागांत भरणा किती केला? यातलं एक जरी सांगितलं तर त्या माणसाची रात्र सार्थकी लागते. मी ते लिहून पाठवत होतो. मजकूर जास्त झाला की तुम्ही खालून कापता, आणि साथीदार असतात खालीच. बरीच वर्षं हे माझ्या ध्यानात आलं नाही. आता मी त्यांना पहिल्या परिच्छेदात घालतो. मग तुम्ही त्यांना उचलून खाली नेता आणि कापता.

एकदा तर गंमतच झाली. तबलजी येणार होते पुण्याकडून, गाडी मिरजेतच अडकली. आयोजकांनी ऐन वेळी इथल्याच एका पोराला बसवलं. वय सतरा, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला. गायक बुजुर्ग, लय अतिविलंबित. एकताल बारा मात्रांचा असतो, पण त्या लयीत एक आवर्तन संपायला मिनिटभर लागतं, आणि त्यात प्रत्येक मात्रा आपल्या जागी ठेवणं म्हणजे डोक्यावर घागर घेऊन तारेवर चालणं. पोरगं घामाघूम झालं, पण एकदाही ठेका हलला नाही. दुसऱ्या दिवशी एका अंकात छापून आलं की, न आलेल्या तबलजींनी 'उत्कृष्ट साथसंगत करून रसिकांना मंत्रमुग्ध केले'. कारण मंडळानं बातमी आदल्या दिवशीच पाठवून ठेवली होती, आणि माझं परीक्षण सकाळी आलं तोवर 'बातमी लागली आहे, आता जागा नाही'. त्या पोराच्या आईनं अंकाच्या पाच प्रती घेतल्या होत्या, हे मला मागाहून कळलं.

मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, हे तुम्हालाही आहे. गाणं व्हायच्या आधी मंत्रमुग्ध होऊ नका. कलाकाराची माहिती, स्थळ, वेळ जरूर आधी पाठवा. गाणं कसं झालं ते गाणं झाल्यावर.

खरं तर तुमची अडचण मला कळते. वर्षाला दोन-तीन कार्यक्रम करायचे, सभागृहाचं भाडं, कलाकाराचं मानधन, जेवण, गाडी. देणगीदारानं दहा हजार दिले तर त्याला स्टेजवर बोलवावंच लागतं आणि त्याचं नाव पेपरात दिसावं लागतं. नाहीतर पुढच्या वर्षी तो फोन उचलत नाही. त्याचं नाव येऊ दे. एक चौकट करा, त्यात सगळी नावं घाला, ठळक टायपात घाला. फक्त ती गाण्याच्या अंगावर बसवू नका. आणि सत्कार मध्यंतरात करता आला तर मारवा तरी वेळेवर होईल.

आता आमच्या बाजूचं, म्हणजे फुकट लिहिणाऱ्यांचं. संगीतसमीक्षक केशवराव भोळे यांनी 'एकलव्य', 'शुद्धसारंग' अशा टोपणनावांनी गायकांवर लिहिलं. मोठ्या शहरात टोपणनाव झाकून राहत असेल. आमच्याकडे काय होणार? पुढच्या रांगेत वही घेऊन बसणारा एकच असतो. मध्यंतरात चहाचा कप हातात देताना आयोजक खांद्यावरून डोकावतात, "काय लिहूलालास रे? चांगलं लिही बाबा, पोरगं आपलंच हाय." गवयाचे गुरू शहापुरात राहतात, पेटीवाला माझ्या मेव्हण्याचा वर्गमित्र, आणि ज्याच्यावर लिहिलं तो सोमवारी तिसऱ्या रेल्वे गेटजवळ भेटतोच. सगळ्यांशी संबंध राखायचे आणि खरंही लिहायचं, यात लेखणी बोथट होते. माझीही झाली आहे. 'आणखी रियाजाची अपेक्षा' असं मी जिथं जिथं लिहिलंय, तिथं तिथं मला त्याहून बरंच काही म्हणायचं होतं. एका मोठ्या नावाच्या गायकानं अडीच तासांत काहीही केलं नाही आणि मी 'प्रसन्न मैफल' असं लिहून मोकळा झालो, कारण त्यांना आणणारे गृहस्थ माझ्या थोरल्या भावाच्या ओळखीचे. त्या परीक्षणातला एक शब्दही तुम्ही बदलला नव्हता. जसंच्या तसं छापलंत.

चुकाही केल्या आहेत. एका सकाळच्या मैफलीत देशकार झाला आणि मी घरी येऊन 'भूप' लिहिला. स्वर तेच पाच, सा रे ग प ध. पण भूपात वजन गंधारावर आणि वेळ रात्रीची, देशकारात वजन धैवतावर आणि वेळ सकाळची. सकाळी साडेआठला ऐकून जो भूप लिहितो त्यानं कान तपासून घ्यावेत. निपाणीच्या एका वाचकानं पोस्टकार्ड टाकून माझी चांगली हजेरी घेतली. मी तुमच्याकडे दोन ओळींचा खुलासा पाठवला. छापला नाहीत. 'कशाला उगाच, कुणाच्या लक्षातही आलं नसेल,' असं मला सांगण्यात आलं. ज्याच्या लक्षात आलं त्याचं पोस्टकार्ड माझ्या खिशात होतं.

टायपातल्या गमती सांगायच्या तर रात्र पुरणार नाही. मी युनिकोडमध्ये पाठवतो, तुमच्याकडे जुना फॉन्ट, मध्ये कन्व्हर्टर. 'षड्ज'चा 'षडज' होतो, ते मी सोडून दिलंय. एकदा मात्र 'कोमल निषाद'चा 'कोमल निषेध' झाला. सीमाभागातल्या छापखान्यात 'निषेध' हा शब्द तयारच असतो, बोट आपोआप तिकडंच जातं, हे मी समजू शकतो. पण कोमल निषेध आजवर आपल्यापैकी कुणी केलेला नाही.

याच्या जवळचीच एक गोष्ट आहे, पण तिला हसू येत नाही. धारवाडकडून आलेल्या एका गायकानं शेवटी कन्नड वचन, म्हणजे तिकडच्या शिवभक्त संतांची रचना, म्हटलं, भैरवीत. अर्ध्या सभागृहाला शब्द कळत होते, अर्ध्याला नाही, आणि डोळे दोन्हीकडचे ओले. माझं कन्नड कारखान्यातलं, 'बा, होगु, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी' एवढ्यापुरतं. म्हणून दुसऱ्या दिवशी आमच्या पाळीतल्या एका सोबत्याला गाठलं. शेवटी 'चन्नमल्लिकार्जुन' असं येत होतं, एवढं मी वहीत टिपून ठेवलं होतं. तो म्हणाला, मग ते अक्कमहादेवींचं, ही त्यांची खूण. बसवण्णांचं असतं तर 'कूडलसंगमदेव' आलं असतं. जसं आपल्याकडे 'तुका म्हणे'. जेवणाच्या सुट्टीत त्यानं मला त्याचा अर्थही सांगितला. मी ते सगळं चार ओळींत लिहिलं. छापून आलं: 'भक्तिगीताने सांगता झाली.' वचन हा शब्द गेला, अक्का गेल्या, माझा सोबतीही गेला. तो दोन दिवस विचारत होता, "आलं का पेपरात?" मी सांगितलं, जागा नव्हती.

तसंच नावांचं. तिकडच्या कलाकारांची नावं आपण वाटेल तशी छापतो. आडनावातला 'ळ' जातो, गावाच्या नावातल्या 'कट्टी'चा 'काटी' होतो. आपल्या नावांच्या पाट्यांवरून आपण किती रक्त आटवतो, ते वेगळं सांगायला नको.

तेव्हा मागणं काय? फार नाही. मजकूर लहान करायचा तर खुशाल करा. माझी विशेषणं काढा, मला त्यांची हौस आहे हे मलाही माहीत आहे. पण स्वराचं नाव, रागाचं नाव, तालाचं नाव किंवा माणसाचं नाव असलेल्या वाक्याला हात लावायच्या आधी एक फोन करा. रात्री एक वाजता केलात तरी चालेल, त्या वेळी मी जागाच असतो. टीकेचं वाक्य नकोच असेल तर ते पूर्ण काढा, पण त्याची स्तुती करू नका. चूक माझी झाली तर खुलाशाला दोन ओळी द्या. ज्याच्यावर लिहिलं त्याला उत्तर द्यायचं असेल तर त्यालाही द्या. माझं ऐकणं चुकलेलं असू शकतं, आणि तबल्यामागं बसलेल्याला पुढच्या रांगेपेक्षा वेगळं ऐकू येतं. छापायचं नसेल तर 'नाही' म्हणा. माझी कितीतरी परीक्षणं तुमच्याकडे गेली आणि नंतर त्यांचं काय झालं ते कळलंच नाही. मुलीसाठी स्थळ बघून आल्यावर समोरचे काही कळवत नाहीत तसं.

आणि त्या रात्रपाळीच्या मुलाला एखाद्या मैफलीला माझ्याबरोबर पाठवा. पास मी आणतो. रात्रभर बसवत नाही, पहिला ख्याल संपला की सोडून देतो.

येत्या रविवारी टिळकवाडीत सकाळची बैठक आहे, आठ वाजता. या वेळी सत्कार नाहीत असं आयोजकांनी मला दोनदा सांगितलंय, बघू. सोमवारी पहाटेपर्यंत पाचशे शब्द तुमच्याकडे येतील. या आठवड्यात माझी पहिली पाळी आहे. सात ते साडेतीन फोन लॉकरमध्ये असतो. मजकुरात कुठं अडलात तर साडेतीननंतर विचारा, पानं लागायला तेव्हा अजून वेळ असतो.

आपला,
उद्यमबागेतला परीक्षणवाला